पॉल देलारोश यांची ‘हुतात्मा युवती’ : दोर आणि प्रभावलय

प्रस्तावना :
फ्रेंच चित्रकार पॉल देलारोश (१७९७–१८५६) यांनी ‘हुतात्मा युवती’ हे तैलचित्र मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८५५ मध्ये पूर्ण केले. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. रोमन सम्राट डायोक्लेशन याच्या कारकिर्दीत इ. स. ३०३ पासून ख्रिस्ती धर्मीयांचा जो छळ झाला, त्याची पार्श्वभूमी चित्राला लाभली आहे. श्रद्धेपायी टायबर नदीत बुडवलेल्या युवतीचा हा विषय. मृत्यूला मोहक रूप देऊन हिंसेची धार बोथट केली, असा आक्षेप या चित्रावर घेता येतो. तो तपासून पाहणे आवश्यक ठरते.

चित्रविवेचन :
काळोख्या पाण्यावर शुभ्रवस्त्रांकित देह तरंगतो आहे. चेहऱ्यावर वेदनेची खूण नाही. मुखावर प्रभावलयाची नाजूक कडी आहे. मागे काठावर दोन अंधूक आकृती दिसतात. देलारोश यांच्याच ‘लेडी जेन ग्रे हिचा शिरच्छेद’ (१८३३) या चित्रात कुऱ्हाडधारी मारेकरी, लाकडी ठोकळा व शोकाकुल दासी असा नाट्यमय प्रसंग उभा केला आहे. येथे मारेकरी नाही. आघात होऊन गेला आहे. त्यामुळे आक्षेपाला बळ मिळते, हे मान्य करावे लागते.

परंतु युवतीची मनगटे दोराने बांधलेली आहेत. जॉन एव्हरेट मिले यांच्या ‘ऑफिलिया’ (१८५१–५२) या चित्रातही पाण्यावर तरंगणारी युवतीच आहे. मात्र तिचे हात मोकळे आहेत. देलारोश यांच्या चित्रातील दोर हा मृत्यू कोणीतरी घडवून आणला आहे, हे विसरू देत नाही. प्रभावलय तिला संतपद देते, तर दोर तिच्यावरील अन्यायाची नोंद ठेवतो.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. संत कॅथरीन चाकावरून, संत लॉरेन्स लोखंडी जाळीवरून ओळखता येतात. ही युवती मात्र अनाम आहे. ‘हुतात्मा’ या शब्दात आहुतीची कल्पना आहे; ख्रिस्ती परंपरेतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘साक्षीदार’ असा आहे. नाव नसलेल्या मृत्यूची साक्ष काठावरील त्या दोघांवर आणि पर्यायाने प्रेक्षकांवर येते.

समारोप :
सारांश, चित्रातील सौंदर्य आक्षेपार्ह वाटले तरी ते हिंसेचा पुरावा पुसून टाकत नाही. प्रभावलयाकडे वळलेली दृष्टी बांधलेल्या हातांपर्यंत पोहोचली, तरच या चित्राचा आस्वाद पूर्ण होतो.