शिरोडकर पुढे कोणत्या शाळेत गेली?

मराठीतील किशोरवयीन प्रेमकथेची आजची अवस्था पाहावयाची, तर मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या अखेरीपासून आरंभ करणे उचित होईल. कारण नववीतल्या जोशीचे चित्त जिच्यावर जडले आहे, ती शिरोडकर तेथे गाव सोडून निघून जाते, आणि नायकाच्या वाट्याला आलेली पोकळी लेखकाने विलक्षण संयमाने रंगविली असली, तरी परगावच्या शाळेत, अपरिचित तुकडीत, हजेरीपटाच्या तळाशी जिचे नाव चढले असेल, त्या मुलीची कथा आपल्या वाङ्मयाने पुढे लिहिलीच नाही.

नव्या शाळेत आलेल्या मुलाचे मन मराठीत उत्कृष्टपणे प्रकट झाले आहे ते प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या रूपाने. 'वनवास' (१९९४) पासूनच्या कथांत आईवडिलांपासून दूर, कर्नाटकाच्या सीमेवरील गावी आजी-आजोबांकडे राहणाऱ्या या मुलाला सुमीविषयी जे वाटते, त्याला नाव देण्याची घाई ना लंपन करतो, ना लेखक. आणि कानडी वळणाच्या त्याच्या बोलीत ती अनामिक हुरहुर जितकी सच्ची उतरते, तितकी ती प्रौढ प्रेमकादंबऱ्यांतही क्वचितच आढळेल. तथापि लंपन काय किंवा जोशी काय, दोघांचाही ठरलेला वाचक बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो, व तो त्यांत स्वतःचे गेलेले दिवस धुंडाळतो. शिवाय पाहणारा नेहमी मुलगाच. चित्रपटांतही हेच. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जातीच्या भिंतीचे जे दर्शन घडते ते असामान्य आहे, पण नायकाचे मन जिच्यावर जडले आहे त्या शालूच्या मनात काय चालले आहे हे तेथेही आपल्याला कळत नाही. 'टाइमपास' (२०१४) हा चित्रपट लोकप्रिय झाला. त्यापलीकडे त्याविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही.

साहित्य अकादमी बालसाहित्याला पुरस्कार देते आणि 'युवा' पुरस्कारही देते. मात्र त्यातील युवा हा लेखक असतो, वाचक नव्हे. पंधरा वर्षांच्या वाचकासाठी दप्तरी स्वतंत्र रकानाच नाही.

आता ज्या मुलुखात नवी शाळा हा अपवाद नसून नित्याचा अनुभव आहे, तो पाहा. पिंपरीला फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येऊन वसली, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती भोसरीपासून चाकणपर्यंत पसरल्या, आणि त्यांच्यामागोमाग मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे आली; त्यांची मुले शाळा सोडल्याचा दाखला घेऊन अशा वर्गांत दाखल होतात, जेथे त्यांच्या बोलीवर प्रथम हसू उमटते आणि मैत्री मागाहून होते. वडील रात्रपाळीला, आई दुसऱ्याच कुठल्या पाळीला, खोली भाड्याची, मोबाइल घरात एकच: या परिस्थितीत दोन मुलांना एकमेकांशी दोन शब्द बोलावयाचे, तर निगडीची बस किंवा शिकवणीची वाट एवढाच अवकाश उरतो. शिवाय कंत्राट संपले की खोली सुटते आणि दाखला पुन्हा काढावा लागतो. म्हणजे या प्रेमाला विरहाची मुदत आरंभीच घातलेली असते, आणि ती घालणारा कोणी दुष्ट काका वा खाष्ट मुख्याध्यापक नसून ठेकेदाराचा कागद असतो. कादंबरीकाराला याहून समर्थ कथानक आयते कोण देणार? तरीही २०१६ साली एकोणनव्वदावे साहित्य संमेलन ज्या शहराने भरविले, त्याच्या वर्गांतून मराठी वाचकांच्या ओठी रुळावी अशी एकही नायिका अद्याप आलेली नाही.

'शाळा'चे अनुकरण करून ही उणीव भरून निघणार नाही, कारण स्मरणरंजनाचा सूर या विषयाला मानवणारा नाही. येथे लिहिणारा त्या वयाच्या निकटचा हवा, आणि शक्यतो लिहिणारी. दिवाळी अंकांच्या संपादकांनी नामवंतांना पत्रे धाडण्यापूर्वी चाकण-भोसरीत नुकत्या दहावी-बारावी झालेल्या मुलींकडे लेखन मागावे, आणि आले तर त्यातील बोली शुद्ध करून छापण्याचा मोह आवरावा.