काळाकडे उधारी नाही

काळयंत्र हाती आलं तर कुठे जाल, असं आमच्या धाराशिवकडच्या ढोकी परिसरातल्या जाणत्या माणसाला विचारून बघा. तो शिवकाळ मागणार नाही की पुढचं शतक. तो २९ सप्टेंबर १९९३ ची संध्याकाळ मागेल. त्या दिवशी गणपती विसर्जन झालं, दमलेली गावं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरकडे भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. मागे जाऊन दारोदार सांगायचं, आज अंगणात झोपा. पण ऐकणार कोण? आणि समजा ऐकलं, सगळे वाचले, तर ज्या दुःखापायी हा माणूस मागे गेला ते दुःखच उरलं नाही. मग तो गेला कशासाठी?

काळप्रवासाचा सगळा सिनेमा या गाठीभोवती फिरतो. कुणी म्हणतं, घडलेलं बदलत नाही. क्रिस मार्करच्या ‘ला जेते’ (१९६२) या अर्ध्या तासाच्या फ्रेंच चित्रपटात आणि त्यावर बेतलेल्या ‘ट्वेल्व्ह मंकीज’मध्ये (१९९५) नायकाला लहानपणी पाहिलेला एक मृत्यू आठवत असतो, आणि तो मृत्यू त्याचा स्वतःचाच निघतो. कुणी म्हणतं, बदलतं आणि त्याचे परिणाम भोगावे लागतात. कुणी काळाला फांद्या फोडतं. यातला कोणताही नियम चालतो. मात्र एकदा मांडलेला नियम शेवटच्या प्रसंगापर्यंत पाळला पाहिजे. प्रेक्षक यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, पण हिशेबातली चूक तो माफ करत नाही.

हा हिशेब किती बारीक असू शकतो, हे ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये (१९८५) पाहावं. सुरुवातीला एका बाजारसंकुलाची पाटी दिसते, ‘ट्विन पाइन्स’, म्हणजे जुळे पाइन. नायक १९५५ मध्ये पोहोचतो तेव्हा त्याच्या गाडीखाली पाइनचं एक रोप मोडतं. तो परततो तेव्हा पाटीवर ‘लोन पाइन’, एकटा पाइन, असं लिहिलेलं असतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. कॅमेराही तिथे रेंगाळत नाही. आपण जिथे पाय ठेवतो तिथे काहीतरी मोडतं, एवढं ती पाटी सांगून जाते. शेन कॅरुथचा ‘प्रायमर’ (२००४) अवघ्या ७,००० डॉलरमध्ये झाला. त्यातला नियम फार कडक आहे. सहा तास मागे जायचं तर पेटीत सहा तास पडून राहावं लागतं. मागे नेलेल्या प्रत्येक तासाची किंमत आयुष्यातून वळती होते.

आपल्याकडे ही शिस्त दक्षिणेत जास्त दिसते. तेलुगूत सिंगीतम श्रीनिवास राव यांनी १९९१ मध्येच ‘आदित्य ३६९’ केला. तमिळ ‘मानाडु’त (२०२१) एकच दिवस पुन्हा पुन्हा उगवतो, आणि नायकाबरोबर खलनायकालाही मागच्या फेऱ्या आठवू लागतात तेव्हा खरी चुरस सुरू होते. हिंदीत मात्र ‘बार बार देखो’सारख्या (२०१६) चित्रपटांत नायक भविष्यात हिंडतो, शहाणा होतो आणि पहिल्या जागी परत येतो. त्याच्या पदरचं काही जात नाही, त्यामुळे आपल्यालाही काही लागत नाही. स्पॅनिश चित्रपटावरून केलेला, पुण्यात घडणारा अनुराग कश्यपचा ‘दोबारा’ (२०२२) इथे वेगळा ठरतो. वादळी रात्री जुन्या टीव्हीतून १९९६ मधल्या एका मुलाला सावध करणारी नर्स सकाळी जागी होते, तेव्हा तिची स्वतःची मुलगी जगात नसते. एक मूल वाचलं, दुसरं पुसलं गेलं. तिथे चित्रपट काळजाला हात घालतो.

मराठीला हा हिशेब परका नाही. पुराणातली रेवती वडिलांसोबत ब्रह्मलोकात जाते आणि गाणं संपेपर्यंत पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटतात. परतल्यावर तिचं लग्न बलरामाशी ठरतं, पण ती जुन्या युगातली, म्हणून फार उंच. बलराम नांगर टेकवून तिला आपल्या काळाच्या उंचीला आणतो. कंटिन्युइटीची एवढी काळजी त्या कथाकारानेही घेतली होती. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा हिंदुस्थान बदलतो. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत त्या जगातून परततात तेव्हा पुरावा म्हणून खिशात बखरीचं एक फाटकं पान उरतं. तेवढ्या पानावर नारळीकरांनी दोन जगं जोडली.

साहित्यात हे झालं, पण पडद्यावर आपण त्याचं बोट धरलं नाही. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’मध्ये (२००९) महाराज आजच्या मुंबईत एका मराठी माणसासमोर उभे राहतात, पण ते त्याला जागं करायला. काळाची गणितं हा त्या चित्रपटाचा विषयच नव्हता. आपल्याकडे पैसा नाही, ही सबब ‘प्रायमर’नंतर टिकत नाही. उलट काळप्रवासाला लागते ती जागेची बारीक ओळख, आणि ती मराठी सिनेमाकडे भरपूर आहे.

ढोकीचंच पाहा. नायकाला १९४७ च्या ढोकी स्टेशनवर उतरवायचं, तर रूळ बार्शी लाइट रेल्वेचे, अडीच फुटी हवेत. मुलूख निजामाचा, म्हणून खिशात हाली सिक्का हवा. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, तेव्हा वाटेत सरहद्द लागणार. कागदोपत्री जिल्हा उस्मानाबाद, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी धाराशिव. आणि त्याने खिडकीवर धाराशिवचं तिकीट मागितलं तर चित्रपट तिथेच फसला, कारण जुनी छोटी गाडी त्या गावाला जातच नव्हती. रेल्वे धाराशिवला पोहोचली ती रुंदीकरणानंतर, या शतकात. असा एकेक तपशील राखला की काळ खरा होतो, आणि मग त्यातली माणसंही खरी होतात.

म्हणून किल्लारीचा चित्रपट कुणीतरी मन लावून करावा, असं मला वाटतं. त्यात यंत्र दाखवायचीही गरज नाही. १९९२ मध्ये त्या भागाला छोटे धक्के बसले होते. म्हणजे इशारा वर्षभर आधी जमिनीनेच दिला होता. नायकाने तो पुन्हा द्यावा. विसर्जनाहून परतलेल्या, गुलालाने माखलेल्या घरधन्याचं दार वाजवावं. आतून आवाज यावा, “मागल्या साली बी हाललं हुतं की. जावा, निजा आता.” आणि दार लागावं.