बुडालेले रोखे आणि जाळलेले रोखे

दिनशा एदलजी वाच्छा ह्यांचे 'अ फायनॅन्शियल चॅप्टर इन द हिस्टरी ऑफ बॉम्बे सिटी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईत माजलेल्या आणि १८६५ च्या मध्यास कोसळलेल्या शेअरच्या सट्ट्याचा हा वृत्तान्त होय. वाच्छांचा जन्म १८४४ चा. म्हणजे ही उलथापालथ घडली तेव्हा ते सुमारे एकवीस वर्षांचे होते. पुढे १९०१ साली राष्ट्रसभेचे अध्यक्ष झालेल्या ह्या गृहस्थांना अर्थकारणाची जाण उत्तम होती. प्रत्यक्ष पाहणे आणि शास्त्रीय जाण ह्यांचा असा योग विरळा. ह्या पुस्तकाचे महत्त्व निर्विवाद आहे. विचार करावयाचा आहे तो त्याने स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादेचा.

घटनाक्रम थोडक्यात असा. एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची कोंडी केली आणि लँकेशरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला. त्यांची गरज भागविण्याचा मान मुंबई बंदराकडे आला. भाव अनेक पटींनी चढले, मुंबईत पैशाचा पूर आला; परंतु त्या पैशाला उत्पादक वाट पुरेशी नव्हती. मग बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला शेअर ५०,००० च्या घरात विकला गेला. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला, कापसाचे भाव उतरले आणि १ जुलैला वायद्यांचा निकाल लावण्याचा दिवस आला तेव्हा देणेकऱ्यांपाशी देण्यास काही उरले नव्हते.

ह्या प्रकरणाला इंग्रजी लेखनात 'शेअर मेनिया' हे नाव रूढ झाले. मराठीतही 'सट्ट्याचे वेड', 'सट्ट्याची साथ' असे शब्दप्रयोग सहज येतात. ही सारी उपमाने रोगाची आहेत, आणि रोगाला कर्ता नसतो. मराठी क्रियापदांनीही ह्या कामी हातभार लावला आहे. भाव बसले, पेढी बुडाली, दिवाळे निघाले: ही सर्व वाक्ये अकर्मक आहेत. परंतु मराठीनेच त्यांच्या शेजारी पेढी बुडविली, दिवाळे काढले अशी सकर्मक रूपेही ठेवली आहेत. आर्थिक अरिष्टाचा इतिहास लिहिताना ह्या दोहोंतील कोणते रूप कोठे वापरावयाचे, हा केवळ शैलीचा प्रश्न नाही.

बँक ऑफ बॉम्बेचे उदाहरण घ्यावे. १८४० साली स्थापन झालेल्या ह्या बँकेत सरकारचे भांडवल होते आणि सरकारनियुक्त संचालकही होते. कोणत्या तारणावर कर्ज द्यावे ह्याविषयीची जुनी बंधने १८६३ च्या १० व्या कायद्याने सैल केली आणि शेअरच्या तारणावर कर्जे देण्याची वाट मोकळी झाली. सर चार्ल्स जॅक्सन ह्यांच्या अध्यक्षतेखाली १८६८ साली नेमलेल्या चौकशी मंडळाने बँकेच्या नाशाची कारणे सांगताना काळाच्या असाधारणतेचा उल्लेख केला. पण त्याबरोबर तो कायदा, चिटणिसांनी केलेला अधिकारांचा दुरुपयोग आणि संचालकांची हयगय ह्यांवरही नेमके बोट ठेवले. ह्या वाक्यांना कर्ता आहे. बँक बुडाली नाही, ती बुडविली गेली. बँकेचे हे प्रकरण वाच्छांनी टाळलेले नाही, आणि तेथे त्यांचा वृत्तान्त रोगाच्या उपमानापलीकडे जातो.

मर्यादा दिसते ती परिणामांच्या बाजूस. 'बॉम्बे सिटी' हे शब्द शीर्षकातच आहेत. आणि सट्ट्याच्या दृष्टीने शहर म्हणजे शेअर घेणारे शहर. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८७२ च्या गणनेत ती ६,४४,४०५ होती. दोन्ही गणनांच्या पद्धतींतील फरक आणि पहिल्या आकड्यातील संभाव्य फुगवटा गृहीत धरला तरी शहरातून फार मोठा जनसमूह नाहीसा झाला हे उघड आहे. तेजीच्या काळात भराव, बंदर आणि बांधकामे ह्यांवर राबण्यासाठी आलेल्या माणसांच्या नावाने कोणताही शेअर नव्हता; म्हणून दिवाळखोरांच्या यादीत त्यांना जागा नाही. ह्या उलाढालीतील प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा विद्यापीठाच्या आवारात आजही आहे. धनिकाची स्मृती दगडात राहिली, मजुराची आकड्यांच्या वजाबाकीत.

शहराबाहेरचे चित्र पाहण्यासाठी दुसरा ग्रंथ उघडावा लागतो: १८७५ च्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या दख्खन दंगे आयोगाचा अहवाल. पुणे आणि नगर हे कापसाचे मुख्य प्रदेश नव्हते; म्हणून १८६५ ची मंदी आणि १८७५ चे दंगे ह्यांत सरळ कार्यकारणभाव जोडणे घाईचे ठरेल, आणि नील चार्ल्सवर्थसारख्या अभ्यासकाने तर दंग्यांचे महत्त्वच अतिरंजित मानले आहे. तथापि धान्याचे भाव, रेल्वेच्या कामांवरील मजुरी आणि सावकाराची पत ह्या वाटांनी तेजी देशावरही पोचली होती. त्या तेजीच्या भरवशावर १८६७ नंतर इंदापूरसारख्या तालुक्यांत सारा वाढविण्यात आला. भाव उतरले, सारा उतरला नाही. कर्ज तर मुळीच उतरले नाही. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातल्यामुळे सावकार मुद्दलात व्याज मिळवून नवा रोखा लिहून घेत असे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे जमावाने सावकारांवर हल्ला केला तेव्हा त्याचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे हिसकावून जाळण्यात आले.

'रोखा' हा मराठी शब्द येथे मार्गदर्शक ठरतो. रोखेबाजारातील रोखा आणि सावकाराच्या पेटीतील कर्जरोखा, दोहोंना भाषा एकच नाव देते. परंतु मंदीत ह्या दोन कागदांचे दैव विरुद्ध असते. मुंबईच्या रोख्याची किंमत आपोआप शून्यावर आली. तो जाळण्याची गरज कोणालाच भासली नाही. सुप्याच्या रोख्याची किंमत तसूभरही घटली नाही. भाव उतरल्यामुळे तो फेडण्यास पूर्वीपेक्षा अधिक धान्य लागू लागले, म्हणजे तो अधिकच जड झाला. कायद्यानेही हा भेद राखला. शहरातील कर्जबाजाऱ्यांच्या प्रकरणांचा निकाल लावण्यासाठी १८६५ सालीच २८ वा कायदा झाला. देशावरील कुणब्यासाठी शेतकरी साहाय्याचा कायदा यावयास १८७९ उजाडावे लागले, आणि मध्ये दंगा व्हावा लागला.

वाच्छांनी आपल्या पुस्तकाला 'प्रकरण' म्हटले, ते योग्यच केले. एका प्रकरणाकडून संपूर्ण ग्रंथाची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. परंतु ते प्रकरण १ जुलै १८६५ च्या हिशोबापाशी मिटवून वाचणे हेही तितकेच अपुरे होय. अरिष्टाचा पूर्ण वृत्तान्त ज्यांचे रोखे बुडाले त्यांच्याइतकाच ज्यांचे रोखे बुडत नव्हते त्यांचाही असतो. आणि तो सांगताना प्रत्येक अकर्मक क्रियापदापाशी थांबून त्याचा कर्ता कोण, हे विचारणे अभ्यासकाचे काम आहे.