घरच्या घरी पोल डान्स : सल्ला कोणासाठी, पुरावा कोणाचा?

या वेळी चिकित्सेला एक वेगळाच विषय घेतला आहे. पोल डान्स घरी, सुरक्षितपणे कसा शिकायचा हे सांगणारे सल्ले, आणि त्या सल्ल्यांच्या पाठीशी उभं केलं जाणारं संशोधन. शारीरिक शिक्षणात किंवा क्रीडाविज्ञानात संशोधन करायचं ठरवत असाल, तर हा विषय हातात घेऊन बघाच. पुरावा एका ठिकाणचा आणि शिफारस दुसऱ्याच ठिकाणची, याचं इतकं स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही.

सल्ल्यांचा साचा ठरलेला असतो. चांगला पोल घ्या, नीट बसवा, खाली मॅट टाका, अंग गरम करा, लवचिकता वाढवा, घाई करू नका. यातलं चुकीचं काहीच नाही. पण हे कोणाच्या घराला धरून लिहिलंय?

समजा, तुम्ही जुन्नर तालुक्यात निमगाव साव्याला राहता. घरी वापरायचा पोल बहुधा दाबावर उभा राहतो. खाली जमीन, वर छत, आणि मधला पोल स्क्रूने ताणून दोन्हींत घट्ट बसवलेला. म्हणजे सगळी भिस्त छतावर. वर आरसीसीचा स्लॅब असेल तर विचार करता येतो. पत्रा, कौलं किंवा पीओपीचं छत असेल तर विषयच संपला. पत्रा वर उचलला जाईल, पीओपी फुटेल, आणि पोल तुमच्यासकट आडवा होईल. पुढचा प्रश्न जागेचा. पोलच्या चारी बाजूंना हात-पाय पसरून दीड-दोन मीटर मोकळं हवं. दहा बाय दहाच्या खोलीत पोल बरोबर मधोमध उभा केला तरी बाजूला जेमतेम दीड मीटर उरतं, तेही कपाट आणि पलंग बाहेर काढल्यावर. परदेशातल्या घरांवर बेतलेला सल्ला या खोलीत शिरतच नाही.

मग डोकं चालवलं जातं. दीड इंची जीआय पाइप बाहेरून साधारण ४८ मिलिमीटर भरतो, आणि प्रचलित पोल ४५ मिलिमीटरचा असतो. फरक किरकोळ, वेल्डिंगवाला शेजारच्या गावात, खर्च थोडका. मोह होणारच. पण इथे पाइपच्या मजबुतीपेक्षा त्याच्या दोन टोकांचा प्रश्न मोठा आहे. माणूस पोलवर फिरतो तेव्हा वजन नुसतं खाली जात नाही, ते पोलला बाजूला ओढतं, आणि ती ओढ दर फेरीत दिशा बदलते. प्लेट, बोल्ट आणि वेल्ड यांना हा हिसका सोसतो की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. शिवाय जस्ताचा खरखरीत थर आणि गुळगुळीत क्रोम यांवर कातडीची पकड सारखी बसत नाही.

मॅटचंही तसंच. ‘मॅट टाका’ म्हणतात, जाडी सांगत नाहीत. साधं गणित करा. दोन मीटरवरून सुटलेलं शरीर जमिनीला टेकताना सेकंदाला सव्वासहा मीटर वेगात असतं, म्हणजे ताशी बावीस-तेवीस किलोमीटर. मॅट पाच सेंटीमीटर दबली तर सरासरी मंदन गुरुत्वाच्या चाळीसपट, वीस सेंटीमीटर दबली तर दहापट. योगासनांची मॅट या हिशेबात कुठे बसते ते तुम्हीच ठरवा. आणि डोक्यावर पडलात तर जाड मॅटही मान वाचवेलच असं नाही. म्हणून उलटं लटकण्याच्या मुद्रा एकट्याने करू नयेत. यात मला वाद घालण्यासारखं काही दिसत नाही.

आता पुराव्याकडे येऊ. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात साठ मिनिटांच्या पोल क्लासमध्ये शरीराला किती श्रम पडतात ते मोजलं. सहभागी चौदा जणी, सगळ्या प्रगत स्तरावरच्या. निष्कर्ष असा की हा मध्यम तीव्रतेचा व्यायाम ठरतो. अभ्यास नेटका आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या वापराबद्दल. ‘पोल डान्स आरोग्याला चांगला, हे सिद्ध झालंय, म्हणून घरी सुरू करा’ असं कुणी लिहिलं, की थांबा आणि तीन गोष्टी विचारा. मोजलं कोणावर? वर्षानुवर्षं सराव केलेल्यांवर. कुठे? क्लासमध्ये. काय? श्रम, दुखापत नव्हे. सुरुवातीला खांदा किंवा मनगट दुखावून ज्यांनी सोडून दिलं, त्या प्रगत स्तराच्या गटात असणारच नाहीत. उरलेल्यांकडे बघून गेलेल्यांविषयी बोलता येत नाही. तुमच्या आराखड्यातही हा दोष हळूच शिरू शकतो, विशेषतः नमुना तालमीतून किंवा क्लबातून घेतला असेल तर.

लवचिकतेच्या सल्ल्यात आणखी एक गोंधळ आहे. रोज ताण दिला की स्नायू ‘लांब’ होतात, असं सर्रास लिहिलं जातं. वेपलर आणि मॅग्नुसन यांनी २०१० मध्ये या समजुतीची झाडाझडती घेतली. काही आठवड्यांच्या ताणाने जी वाढ दिसते, ती बरीचशी ताण सहन करण्याच्या क्षमतेत झालेली असते, असं त्यांचं म्हणणं. पोलवर याचा अर्थ सरळ आहे. जमिनीवर पाय पूर्ण फाकले म्हणून हवेत, स्वतःच्या ताकदीवर, ते धरता येतीलच असं नाही. तिथे शेवटच्या कोनापर्यंत ताकद लागते, आणि ती वेगळी कमवावी लागते. पोलवर चढण्याआधी एकाच स्नायूला मिनिटभराहून जास्त ताणून ठेवलं तर त्याची ताकद काही वेळ कमी होते, म्हणून लांबलचक ताण शेवटी घ्यावेत. दोन्ही बाजूंनी सराव करावा. कातडीवरचे काळेनिळे डाग चालतील, सांध्यातली कळ किंवा हाताला मुंग्या चालणार नाहीत.

आपल्याकडे या विषयावर लिहिताना मल्लखांब यायलाच हवा, आणि तो बहुतेकदा चुकीच्या कामाला लावला जातो. ‘पोल डान्सचा उगम मल्लखांबात’ हे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात टाकायचा मोह टाळा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ती बर्लिनला दाखवली, २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धा झाली. हे सगळं खरं. पण वंशावळ सांगायची तर कोण कोणाकडून, कुठे, कधी शिकलं ते दाखवावं लागतं. दोन्हींत खांब आहे, एवढ्यावर नातं जुळत नाही.

तंत्रही वेगळं आहे. पोलचा घेर चौदा सेंटीमीटर, तो मुठीत मावतो. पुरलेल्या मल्लखांबाचा घेर बुंध्याशी पन्नास सेंटीमीटरच्या पुढे, म्हणून पकड येते मांड्यांत आणि बगलेत. अढी, बगली, दसरंग ही सगळी भाषा त्या जाडीतून आलेली. मल्लखांबाला एरंडेल चोळतात. पोलवर चढण्याआधी हाताला साधं लोशन लावलेलंही चालत नाही. एकाची युक्ती दुसऱ्याला जशीच्या तशी लावली तर माणूस घसरून पडेल.

मग मल्लखांबाकडून घ्यायचं काय? माझ्या मते शिकवण्याचा क्रम, आणि खाली उभा असलेला माणूस. मल्लखांबात अढी पक्की झाल्याशिवाय उस्ताद पुढचं देत नाहीत, आणि नवं काही करताना खाली कुणीतरी हात लावायला असतं. घरच्या सल्ल्यांतून नेमका हाच माणूस गळलाय. त्याची जागा यादीने घेतली आहे.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. घरी कोण शिकतं? जिच्या तालुक्यात क्लास नाही, आणि असता तरी ‘पोल डान्स’ हे नाव ऐकूनच घरचे नाही म्हणाले असते, अशी मुलगी. ती दार लावून, कुणी नसताना सराव करणार. म्हणजे लोक काय म्हणतील या धाकामुळे सुरक्षिततेतला पहिलाच नियम मोडतो : एकटीने करू नये. सल्ला लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेलं मला कुठे दिसलं नाही, आणि चौदा जणींच्या अभ्यासातून ते दिसणारही नव्हतं.

तुम्हाला विषय हवा असेल तर तो इथे आहे. जुन्नर-आंबेगावात मोठा नमुना मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. पाच-सहा मुलाखती घ्या, नावं आणि गावं पूर्ण झाकून. काय शिकलीस हे नंतर विचारा. आधी विचारा : छत कसलं होतं, दार उघडं होतं का, आणि पडलीस तेव्हा कोणाला सांगितलंस?