पोटगीचा आदेश आणि देशाची सीमा : ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालाची चिकित्सा

प्रस्तावना

पोटगीचा आदेश मिळणे आणि पोटगी हाती पडणे यांत बरेच अंतर असते. पती त्याच शहरात राहत असला तरी थकबाकीसाठी पत्नीला पुनःपुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. तो परदेशात असेल तर आदेशाची प्रत पुष्कळदा तिच्याच कपाटात पडून राहते. पुण्याहून अमेरिकेत गेलेले संगणक अभियंते आणि रत्नागिरी-रायगडकडून आखाती देशांत गेलेले कामगार यांच्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्राला परका राहिलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेला ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल पोटगीच्या कायद्यातील मैलाचा दगड मानला जातो, आणि ते योग्यच आहे. या निकालाचा उगम नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली सुरू झालेल्या प्रकरणात आहे. प्रस्तुत लेखात या निकालाचा विचार एका मर्यादित अंगाने केला आहे : ज्याच्याविरुद्ध आदेश झाला तो देशाबाहेर असेल, तर हा निकाल पत्नीला व अपत्याला कोठवर सोबत करतो?

निकालाचे योगदान

भारतात पोटगीचा हक्क एकाच कायद्यात सामावलेला नाही. हिंदू विवाह अधिनियम १९५५, हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६, विशेष विवाह अधिनियम १९५४, फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ चे कलम १२५ आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ असे अनेक मार्ग खुले आहेत. (१ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे.) एकाच कुटुंबासंबंधी दोन-तीन न्यायालयांत वेगवेगळे आदेश होऊ लागल्याने निर्माण झालेला गोंधळ दूर करण्याचा प्रयत्न न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने केला. आधीच्या आदेशाची माहिती देणे बंधनकारक ठरले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, अंतरिम अर्जाचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्ता प्रकट करणारे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असे निर्देश देण्यात आले.

या प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यातील एक भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. पक्षकार अनिवासी भारतीय, परकीय नागरिक किंवा परदेशी राहणारा असल्यास त्याने आपले नागरिकत्व, सध्याचे वास्तव्य, नोकरी, परकीय चलनातील उत्पन्न, तेथील खर्च व करदायित्व यांचा तपशील द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे पती समुद्रापलीकडे असू शकतो आणि त्याची मिळकत डॉलरमध्ये किंवा दिरहममध्ये असू शकते, याची न्यायालयाला पूर्ण जाणीव होती.

निकाल जेथे थांबतो

ही जाणीव वसुलीच्या विवेचनापर्यंत मात्र पोहोचत नाही. त्या भागात न्यायालय हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २८-अ, कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाचे कलम २०(६), फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२८ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतील पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या तरतुदी यांचा निर्देश करते. हे सर्व मार्ग देशांतर्गत आहेत. कलम १२८ (आता कलम १४७) नुसार, ज्याच्याविरुद्ध आदेश झाला तो जेथे असेल तेथील कोणताही दंडाधिकारी आदेशाची अंमलबजावणी करू शकतो. त्यामुळे नागपूरचा आदेश बंगळुरूत बजावता येतो. पण ‘जेथे असेल तेथे’ या शब्दांची धाव भारताच्या हद्दीपर्यंतच आहे. कलम २०(६) खाली मालकाला पगारातून थेट रक्कम भरण्याचा आदेश देता येतो. पती भारतीय कंपनीच्या वेतनपटावर राहून परदेशी पाठवला गेला असेल तर हा उपाय उपयुक्त ठरतो. परदेशी कंपनीच्या बाबतीत तो निष्फळ होतो. थकबाकीसाठी कारावासाची तरतूद आहे खरी, आणि कारावास भोगल्याने देणे फिटत नाही, हे ‘कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग’ (१९८९) या निकालात स्पष्ट झाले आहे. पण जो देशात नाही त्याला अटक तरी कोण करणार?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ चा आधार येथे अनेकदा सुचवला जातो. केंद्र शासनाने परस्पर व्यवहारासाठी अधिसूचित केलेल्या देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे या कलमाखाली भारतात थेट बजावता येतात. युनायटेड किंग्डम १९५३ पासून व संयुक्त अरब अमिराती जानेवारी २०२० पासून या यादीत आहेत, अमेरिका नाही. शिवाय हे कलम बाहेरच्या हुकूमनाम्याला आत आणते. आपला आदेश बाहेर कसा बजावला जाईल, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो.

दर्जाची चिंता, रकमेचे विस्मरण

ही उणीव एका निकालापुरती नाही. ‘सत्या विरुद्ध तेजा सिंग’ (१९७४) या प्रसिद्ध खटल्याचा प्रारंभ जालंधर येथे केलेल्या पोटगीच्या अर्जाने झाला होता. पतीने अमेरिकेतील नेवाडा राज्यातून घटस्फोट मिळवला होता. न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी तो घटस्फोट अमान्य ठरवताना अधिवासाच्या तत्त्वाची जी मीमांसा केली, ती आजही अभ्यासनीय आहे. तथापि तिचा विषय ‘विवाह टिकला की नाही’ हा होता. अमेरिकेत राहणाऱ्या पतीकडून रक्कम कशी यावी, हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी नव्हता. ‘वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी’ (१९९१) या निकालानेही परकीय घटस्फोटाच्या मान्यतेचेच निकष घालून दिले. अपवाद ‘नीरजा सराफ विरुद्ध जयंत सराफ’ (१९९४) या निकालाचा. पतीच्या भारतातील व परदेशातील मालमत्तेतून पत्नीची तरतूद व्हावी आणि भारतीय हुकूमनामे परस्पर करारांद्वारे परदेशात अंमलयोग्य व्हावेत, असे कायदे करण्याची सूचना न्यायालयाने त्यात केली. २६ वर्षांनी आलेल्या ‘रजनेश’ निकालाचे वसुलीविषयक विवेचन या सूचनेचा धागा पुढे नेत नाही, हा त्यावरील मुख्य आक्षेप आहे.

कायदेमंडळाचा दृष्टिकोनही फारसा वेगळा नाही. २०१९ साली राज्यसभेत मांडलेल्या अनिवासी भारतीय विवाह नोंदणी विधेयकात ३० दिवसांत नोंदणी, पारपत्र अडकवून ठेवणे, संकेतस्थळावरून समन्स व भारतातील मालमत्तेची जप्ती या उपायांवर भर होता. त्यांची उपयुक्तता नाकारता येत नाही. परंतु परकीय नागरिकत्व घेतलेल्यावर भारतीय पारपत्राचा धाक चालत नाही आणि भारतात मालमत्ता नसलेल्याला जप्तीचे भय नसते.

ढाल आणि भिंत

या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू मात्र अधिकारितेची आहे. नरसिंह राव निकालाने असे म्हटले, की पत्नीने परकीय न्यायालयाची अधिकारिता स्वेच्छेने स्वीकारली नसेल, तर तेथील घटस्फोट तिच्यावर सामान्यतः बंधनकारक नाही. भारतीय स्त्रीसाठी ही मोलाची ढाल ठरली. पण हेच तत्त्व परदेशातील पतीच्याही उपयोगी पडते. भारतीय न्यायालयात मी हजर झालो नाही, त्याची अधिकारिता स्वीकारली नाही, असे तो तेथे म्हणतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कुल्को’ खटल्यात (१९७८) असे ठरवले, की मुले एका राज्यात राहतात एवढ्यावरून त्या राज्याच्या न्यायालयाला दुसऱ्या राज्यातील पित्याविरुद्ध निर्वाहाचा आदेश देण्याची अधिकारिता मिळत नाही. जेथे दोन अमेरिकी राज्यांची ही कथा, तेथे नागपूरच्या एकतर्फी आदेशाचे काय होणार? आपली ढाल येथे आपल्याच वाटेतील भिंत होते.

या पेचावर एक जुना तोडगा आपल्या विधिसंग्रहातच सापडतो. निर्वाह आदेश अंमलबजावणी अधिनियम १९२१ हा ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदेशांपुरता केलेला कायदा होता. त्यातील कल्पना अशी : पत्नीच्या ठिकाणचे न्यायालय पुरावा घेऊन तात्पुरता आदेश देते व कागदपत्रे पाठवते, पती राहतो तेथील न्यायालय त्याचे म्हणणे ऐकून तो आदेश कायम करते. पत्नीला प्रवास करावा लागत नाही आणि अधिकारितेचा आक्षेपही उरत नाही. साम्राज्याने आपल्या सोयीसाठी शोधलेली ही युक्ती स्वतंत्र भारताने जगाशी नव्याने बोलून विस्तारायला हवी होती.

हेग संधी : शक्यता व मर्यादा

आज तशी संधी उपलब्ध आहे. बालनिर्वाह व अन्य कौटुंबिक निर्वाहाच्या आंतरराष्ट्रीय वसुलीविषयीचा हेग करार २३ नोव्हेंबर २००७ रोजी झाला व १ जानेवारी २०१३ पासून अमलात आला. युरोपीय संघ २०१४ पासून व अमेरिका २०१७ पासून त्याने बद्ध आहेत. भारत २००८ पासून हेग परिषदेचा सदस्य असूनही या कराराचा पक्षकार नाही. करारानुसार प्रत्येक देशात एक केंद्रीय प्राधिकरण असते. ते अर्ज स्वीकारते, ऋणकोचा ठावठिकाणा शोधण्यास साहाय्य करते व आदेशाच्या अंमलबजावणीची प्रक्रिया सुरू करते.

मात्र करारात सामील होताच सर्व प्रश्न सुटतील, अशी समजूत करून घेणे योग्य नाही. कराराचा मुख्य भर २१ वर्षांखालील अपत्यांच्या निर्वाहावर आहे. अपत्याच्या दाव्याशी जोडलेला नसलेला, केवळ पत्नीचा दावा असेल, तर केंद्रीय प्राधिकरणाच्या साहाय्याची प्रकरणे त्याला आपोआप लागू होत नाहीत. त्यासाठी दोन्ही देशांनी तशी घोषणा केलेली असावी लागते. युरोपीय संघाने ती केली आहे. म्हणजे अपत्यहीन परित्यक्तेची वाट या करारानंतरही अरुंदच राहू शकते. शिवाय केवळ धनकोच्या वास्तव्यावर आधारलेली अधिकारिता अमेरिकेने राखीव कलमाद्वारे नाकारली आहे. मात्र अशा वेळी ऋणको ज्या देशात राहतो त्या देशाने धनकोसाठी नवा आदेश मिळवून देण्याची योग्य पावले उचलावीत, असे करारच सांगतो. १९२१ च्या युक्तीचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

परकीय आदेश मग भारतीय नागरिकांवरही बजावावे लागतील, असा आक्षेप घेतला जातो. तो वस्तुतः खरा आहे, पण त्यात गैर काही नाही. परदेशात अपत्य सोडून मायदेशी परतलेल्या पित्याचे कर्तव्य विमानतळावर संपत नाही. फसवणूक, नोटीस न मिळणे किंवा सार्वजनिक धोरणाचा भंग या कारणांवरून आदेश नाकारण्याची मुभा करारात आहेच.

समारोप

‘रजनेश’ निकालाने पोटगी किती व केव्हापासून, या प्रश्नांना शिस्त लावली. ती सीमेपलीकडून कशी आणायची, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. करारात सामील होणे हे शासनाचे काम आहे. परंतु न्यायालयांना त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. पत्नीची व प्रत्येक अपत्याची रक्कम आदेशात स्वतंत्रपणे नमूद करणे, पतीवर नोटीस कशी व कधी बजावली याची नोंद निकालातच करणे, त्याला दृक्‌श्राव्य माध्यमातून म्हणणे मांडण्याची संधी देणे आणि भारतातील त्याच्या मालमत्तेवर आरंभीच मनाई हुकूम काढणे, एवढे आजच्या कायद्यातही शक्य आहे. दस्तऐवज परदेशी बजावण्याच्या हेग कराराचा भारत २००७ पासून पक्षकार आहे आणि अमेरिकाही आहे. तो मार्ग काटेकोरपणे वापरल्यास ‘मला कळलेच नाही’ या बचावाचे बळ पुष्कळ कमी होईल. परदेशी न्यायाधीशाच्या हाती जाऊ शकेल असा आदेश लिहिणे, ही सीमापार वसुलीची पहिली पायरी आहे, आणि ती भारतातील न्यायकक्षातच चढायची आहे.