बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

कादंबरीतील एखाद्या भीषण राज्यात वास्तव्यास जाण्याचा कुणाचा मानस असल्यास आधी थोडी चौकशी केलेली बरी. झाम्यातिनच्या ‘वुई’मध्ये घरे काचेची, पडदा ओढायचा तर सरकारी चिठ्ठी हवी. ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये चॉकलेटचा शिधा ३० ग्रॅमवरून २० वर आला, की तो वाढला म्हणून आभार मानावे लागतात. तेथे कुणी आपणहून जाणार नाही.

आल्डस हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चे (१९३२) तसे नाही. तेथे जाण्यासाठी रांग लागेल! आजार नाही, म्हातारपणाच्या खुणा नाहीत; मन खट्टू झाले की ‘सोमा’ची गोळी (नाव आपल्या वेदांतले). मात्र सामानातून ‘आई’ हा शब्द काढून ठेवावा. तेथे तो अश्लील समजतात. क्रूसही नेऊ नये. फोर्डच्या मोटारीच्या सन्मानार्थ त्याचे वरचे टोक छाटले जाते.

हक्स्लीची पात्रे ऑर्वेलच्या विन्स्टनइतकी जिवंत नाहीत. जॉनपुढे त्याने वेडगळ सुखवस्ती व रानटी वस्ती असे दोनच पर्याय ठेवले. हा दोष त्याने स्वतः १९४६ च्या प्रस्तावनेत मान्य केला. तरीही मला भय वाटते ते याच पुस्तकाचे. त्यातील नियंत्रक मुस्तफा मॉन्ड याच्या तिजोरीत पवित्र शास्त्र आणि ‘ख्रिस्तानुकरण’ कुलूपबंद आहेत. त्याने ती जाळलेली नाहीत. ती त्याने वाचली आहेत, त्यांची थोरवीही तो जाणतो. प्रजेला मात्र त्यांची उणीव भासत नाही.