औंढ्याचा सांधा

औंढा नागनाथचे देऊळ आम्ही एखाद्या जुन्या पोथीसारखे वाचतो. खालचा भाग यादवकाळातला, दगडी, मूर्तींनी गच्च भरलेला. वरचा नंतरचा, विटा-चुन्याचा, साधा. मोडतोड औरंगजेबाने केली आणि जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी, असे परंपरा सांगते. औरंगजेबाची वकिली करणे आमचे काम नव्हे. आमचे लक्ष जाते ते दोन्ही भाग जुळतात तिथे. बांधणाऱ्यांनी जुन्या कोरीवकामाची नक्कल करून मोडलेले लपवले नाही. काय उरले आणि काय नव्याने उभारले, हे पायरीवर उभ्या अडाणी माणसालाही कळते.

१९४८ विषयीच्या मराठी लेखनात हा सांधा दिसत नाही, ही आमची तक्रार आहे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. लढ्याची बाजू भक्कम लिहिली गेली. अनंत भालेरावांचा 'हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आमच्याही कपाटात आहे. रझाकारांचे अत्याचार खरेच होते. त्यांच्या विरोधात लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या मुसलमान संपादकाचा खून २२ ऑगस्ट १९४८ ला झाला, हे मात्र आपल्याच घरांत कितीजण मुलांना सांगतात?

फौजा आल्यानंतरचे काय? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. शेजारचा नांदेड सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत होता. लूट, बायकांवरचे अत्याचार, मशिदींची विटंबना, सारे त्यात आहे. अहवाल कित्येक दशके दडून राहिला. २०१३ च्या सुमारास दिल्लीत अभ्यासकांना पाहता येऊ लागला.

आणि आपण? पडलेले घर उभे केले, भिंतीला चुना फासला, विषय मिटवला. रोजीरोटीसाठी ते भागच होते. त्या पिढीला आम्ही बोल लावत नाही. पण लेखकाने चुना फासावा काय? आपल्या कथांत 'पोलीस ॲक्शन' येते ती एका वाक्यात, आणि लगेच हिंदू शेजारी मुसलमान कुटुंबाला घरात लपवतो. असे शेजारी होते. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव गमावले, अशी नोंद समितीनेच केली आहे. मात्र कथेत तो शेजारी कोणापासून लपवतो, हे गाळले की त्याचे धाडसही फिके पडते. चांगुलपणा फुकटचा वाटू लागतो.

हैदराबाद शहराच्या आठवणी उर्दू-इंग्रजीत पुष्कळ आल्या. त्यांत हवेल्या आहेत, जहागिरी आहेत. कळमनुरी-वसमतकडचा पिंजारी, मोमीन, तांबोळी तिथे सापडणार नाही. तो घरी दखनी बोलतो, बाजारात मराठी, आणि वय विचारले तर अजूनही 'पोलीस ॲक्शनच्या आधीचा' किंवा 'नंतरचा' असे सांगणारे म्हातारे त्याच्या गल्लीत थोडे उरले आहेत.